कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे अध्वर्यू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा आवाज दोन वेगवेगळ्या यंत्रांनी टिपला. पहिल्यांदा १९०५ मध्ये, पत्र्याच्या कर्ण्यासमोर, आणि दुसऱ्यांदा सुमारे तीन दशकांनी, विजेच्या मायक्रोफोनसमोर. पहिल्या खेपेच्या ध्वनिमुद्रिका आज मोजक्या संग्राहकांपुरत्या उरल्या आहेत. दुसऱ्या खेपेच्या ध्वनिमुद्रिका मात्र महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घरोघरी वाजल्या, आकाशवाणीवरून पिढ्यान् पिढ्या ऐकवल्या गेल्या. आज खाँसाहेबांचे गाणे म्हणून आपण जे ओळखतो ते जवळजवळ संपूर्णपणे या दुसऱ्या खेपेचे आहे. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेला श्रोता आता उरलेला नाही. त्यामुळे त्या तबकड्यांत त्यांचा स्वर किती उतरला आणि किती निसटला, हा प्रश्न केवळ जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींचा राहत नाही.

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी त्यांचा जन्म झाला. या गावाच्या नावावरूनच घराण्याला किराणा हे नाव मिळाले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. गळ्याबरोबर सारंगी आणि वीणाही त्यांच्या हाती होती. सारंगीची ही ओळख पुढे त्यांच्या गायनात कायम जाणवत राहिली. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी न घेता मधली सारी वाट दाखवत जाणारी मींड आणि अतिशय सूक्ष्म असा कणस्वर ही त्यांच्या गाण्याची ओळख ठरली. आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि टोकदार होता. पहाडी किंवा घुमारेदार आवाजाच्या तत्कालीन कल्पनेत तो बसणारा नव्हता.

तरुणपणी ते बडोदे संस्थानात दरबारी गायक म्हणून राहिले. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे प्रेम जुळले. धर्म, प्रतिष्ठा आणि दरबारी रीत या तिन्हींच्या विरोधात जाणारा हा संबंध बडोद्यात राहून टिकणे शक्य नव्हते. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही या दांपत्याची अपत्ये. मराठी संगीतविश्वाला एकाच घराने इतके दिल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. हिराबाईंनी मग अब्दुल वहीद खाँ यांची तालीम घेतली. वडिलांचे आणि मुलीचे गाणे पुढे बाजारात वेगवेगळ्या तबकड्यांवर शेजारी शेजारी मिळू लागले.

मिरजेशी त्यांचे नाते विसाव्या शतकाच्या आरंभीचे. प्लेगच्या आजारातून ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या कृपेने आपण वाचलो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यानंतर दर्ग्याच्या उरुसात हजेरी लावणे हा त्यांचा नेम झाला. मिरज त्यांना मानवण्याचे आणखी एक कारण संभवते. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या शिकलगार कारागिरांची परंपरा येथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा जुळवण्याच्या बाबतीत खाँसाहेब कमालीचे काटेकोर होते आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करण्याची त्यांना आवड होती. जवारीचा दोरा केसभर सरकला तरी झणकार बदलतो, हे ज्याच्या कानाला कळते त्याला कारागिरांचा शेजार हवाच.

कानाच्या याच तीक्ष्णतेमुळे ते एका वादात ओढले गेले. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींचे मोजमाप करीत होते. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले. कोणता स्वर नेमका किती कंपनांचा, हे ठरवण्यासाठी या दोघांना असा गायक हवा होता, की ज्याचा स्वर मोजण्यायोग्य स्थिर असेल. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत सहभागी झाले. या मोजमापावरून तयार झालेल्या श्रुती-हार्मोनियमवर १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत कडाडून टीका झाली. पंडित भातखंडे यांचा पक्ष या मोजणीच्या विरोधात होता. रागातील श्रुती अशी आकड्यांत बांधता येते का, हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु घराण्याची विद्या झाकून ठेवण्याच्या त्या काळात एक खानदानी उस्ताद आपला गळा मोजणीसाठी खुला करतो, ही गोष्ट वादाच्या निकालापेक्षा मोठी वाटते.

१९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय सुरू केले. सवाई गंधर्व म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, बहिरेबुवा, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम असे शिष्य त्यांना लाभले. केसरबाई केरकर यांनीही लहानपणी कोल्हापुरात काही महिने त्यांच्याकडे धडे घेतले होते. खाँसाहेबांनी एका कुत्र्यालाही सूर लावायला शिकवले होते आणि टिपू मियाँ या नावाने त्याला श्रोत्यांसमोर आणले होते, अशी हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. ग्रामोफोन कंपनीच्या बोधचिन्हावरील कुत्रा नुसता ऐकत बसतो. खाँसाहेबांचा कुत्रा गात होता.

कर्ण्यासमोरचे गाणे

भारतात ध्वनिमुद्रणाचा व्यापारी आरंभ १९०२ मध्ये कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचा आवाज नोंदवला. तीन वर्षांनी अब्दुल करीम खाँ कर्ण्यासमोर बसले, तेव्हा वयाची तेहतिशी पुरी व्हायची होती.

ही पद्धत पूर्णतः यांत्रिक होती. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे. त्याच्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीत खाच पाडायची. मेण कापण्यासाठी लागणारी सारी शक्ती गायकाच्या छातीतूनच यायची. यात कोठेही ध्वनिवर्धन नव्हते. आवाज हलका केला की खाच उथळ व्हायची आणि तो सुईच्या खरखरीत बुडून जायचा. जोरात तान घेतली की सुई उधळायची. म्हणून अनेक गायक तानेच्या वेळी मान मागे घेत आणि मंद्रात जाताना कर्ण्यात शिरत. साथीची वाद्ये दाटीवाटीने कर्ण्याभोवती बसवावी लागत. तंबोऱ्यासारख्या मंद आवाजाच्या वाद्याला या व्यवस्थेत जवळजवळ स्थानच नव्हते.

कर्णा सर्व स्वर सारख्या न्यायाने घेत नसे. साधारणपणे सेकंदाला दोनशे ते अडीच हजार कंपने या पट्ट्यातलेच ध्वनी त्यातून पार पडत. पुरुषाच्या मंद्र सप्तकातील मूळ कंपने याच्याही खाली असतात. आवाजाला उजळपणा देणारे, एका गायकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे वरचे उपस्वर अडीच हजारांच्या पलीकडे जातात. म्हणजे स्वराचा पायाही कापला जाई आणि कळसही. उरे तो मधला गाभा. खणखणीत, पल्लेदार आवाजाचे गायक त्यातूनही तरून जात. अब्दुल करीम खाँ यांचे सारे सामर्थ्य मात्र आवाज मुरडण्यात, तो विझत विझत नेण्यात आणि पुन्हा उजळण्यात होते. कर्ण्याला नेमके तेच दिसत नव्हते.

त्या काळात तबकडी फिरण्याचा वेगही पक्का नव्हता. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हे प्रमाण नंतरचे. आधीच्या तबकड्यांवर हा आकडा मागेपुढे होत असे. येथे एक लक्षणीय योगायोग दिसतो. अठ्ठ्याहत्तरच्या जागी एकोणऐंशी फेऱ्या झाल्या, तर स्वर सव्वा टक्क्याच्या आसपास चढतो. ८१ आणि ८० या गुणोत्तराची जी सर्वांत लहान श्रुती मानली जाते, तिचे अंतरही सव्वा टक्काच आहे. श्रुतीच्या मोजणीसाठी गळा देणाऱ्या गायकाच्या तबकडीत एका फेरीची चूक म्हणजे एका श्रुतीची चूक. सर्वच स्वर एकत्र सरकत असल्यामुळे रागाचा चेहरा त्याने बिघडत नाही, हे खरे. पण गायकाची मूळ पट्टी मात्र हरवते. तीच तबकडी ८२-८३ फेऱ्यांनी फिरवली तर पट्टी अर्ध्या स्वराने चढते आणि आवाज आणखी बारीक वाटू लागतो.

वीज आली

१९२५ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण सुरू केले. बेल प्रयोगशाळेत जोसेफ मॅक्सफिल्ड आणि हेन्री हॅरिसन यांनी विकसित केलेले तंत्र वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या परवान्याने वापरले जाऊ लागले. मायक्रोफोन आवाजाचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करी, नळ्यांचा वर्धक तो प्रवाह वाढवी आणि वाढवलेल्या प्रवाहावर चालणारे यंत्र मेणात खाच कापी. गायकाच्या छातीवरचे ओझे विजेने उचलले. ध्वनींचा पट्टा खाली शंभर कंपनांपर्यंत आणि वर पाच हजारांच्या आसपास रुंदावला. गायकाने कर्ण्यात तोंड खुपसण्याची गरज उरली नाही. तो मांडी घालून, साथीदारांत बसून गाऊ शकत होता. खोलीचा आवाजही प्रथमच तबकडीत येऊ लागला.

सुरुवातीच्या विजेच्या तबकड्या निर्दोष होत्या असे मात्र नाही. मायक्रोफोन ठरावीक उंचीवरच्या स्वरांना अवाजवी उठाव देत, त्यामुळे आवाज कर्कश होई. मोठ्या स्वरावर खाच शेजारच्या खाचेत घुसण्याची भीती असे, म्हणून खर्जाचे ध्वनी मुद्दाम दाबून नोंदवले जात. ते किती दाबायचे, याचे प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे होते. कापलेले मेण वाजवून पाहिले तर ते निकामी होई, तेव्हा गाणे कसे उतरले हे साचा होईपर्यंत कळत नसे. शिवाय अनेक घरांत वाजवायचे यंत्र जुने, चावीचेच होते. जड ध्वनिपेटी, पोलादी सुई आणि लाखेत दगडाची भुकटी मिसळून केलेली तबकडी असा तो संसार होता. ही लाख बहुतांशी भारताच्याच जंगलांतून जगभर जात होती. तबकडीची खरखर विजेने गेली नाही. तिच्यावर आवाज अधिक उठून येऊ लागला, इतकेच.

पुढच्या दहा वर्षांत बरेच बदलले. वेस्टर्न इलेक्ट्रिकला द्यावे लागणारे मानधन टाळण्यासाठी इंग्लंडमध्ये कोलंबियाच्या अ‍ॅलन ब्लूमलीन यांनी १९३० च्या सुमारास नवी ध्वनिमुद्रण पद्धत आणि अधिक चांगला मायक्रोफोन तयार केला. तंत्रातली सुधारणा कधी कधी पैसे वाचवण्याच्या गरजेतून येते, ती अशी. १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी झाली. ओडियन हे मूळचे जर्मन नाव कोलंबियाच्या मार्गाने याच कुटुंबात आले होते. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या तबकड्या मालकीच्या दृष्टीने भावंडे होत्या.

ओडियनने १९३० च्या दशकात मुंबई आणि मद्रास अशा दोन्ही ठिकाणी ध्वनिमुद्रणे केली. दशकाच्या मध्यास खाँसाहेब ओडियनच्या मायक्रोफोनसमोर बसले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. वयाने आवाजाला जे घेतले असेल ते घेतले, पण यंत्राने तितकेच परत दिले. भैरवी, झिंझोटी, बसंत, जोगिया, तिलंग, गुजरी तोडी, शंकरा अशा रागांतील या ध्वनिमुद्रणांत स्वराची ज्योत कमी-अधिक करण्याची त्यांची हातोटी प्रथमच ऐकू येते. षड्जावर स्थिरावताना आवाज हळूहळू बारीक होत जातो, तरी तो तुटत नाही. १९०५ च्या यंत्राला ही जागा टिपता येणे अशक्य होते.

एक मर्यादा विजेलाही ओलांडता आली नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. दीर्घकाळ चालणारी तबकडी येण्यास १९४८ साल उजाडावे लागले. आलापीने रागाची संथ बढत करणे हे किराणा घराण्याचे वैभव, आणि तेच तबकडीत मावत नव्हते. खाँसाहेबांनी उपलब्ध वेळात मोजून मांडणी केली. तरीही त्यांच्या ठुमऱ्या ख्यालांपेक्षा अधिक लोकप्रिय झाल्या, याचे एक कारण तबकडीच्या लांबीत शोधावे लागेल. तीन मिनिटांची ठुमरी पूर्ण वाटते. तीन मिनिटांचा ख्याल आरंभासारखा वाटतो. त्यांना ठुमरीचा गायक समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने पुढे एक मोठे काम केले. लहानपणी गदगमध्ये ती ऐकल्यावर आपल्याला असेच गायचे आहे, असे वाटल्याचे पंडित भीमसेन जोशी यांनी अनेकदा सांगितले होते. गुरूच्या गुरूची भेट त्यांना अशी तबकडीतून झाली.

दक्षिणेची ओढ

मराठी श्रोत्यांसाठी खाँसाहेबांनी नाट्यपदेही ध्वनिमुद्रित केली. खाडिलकरांच्या ‘मानापमान’मधील ‘चंद्रिका ही जणू’ हे त्यांपैकी एक. पण त्यांच्या काळातील उत्तर हिंदुस्थानी गायकांपासून त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे कर्नाटक संगीताविषयीची आस्था. म्हैसूर दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. दक्षिणेतील वारंवारच्या मुक्कामांत त्यांनी तेथील संगीत लक्षपूर्वक ऐकले. गाताना सरगम घेण्याची त्यांची पद्धत याच संस्काराची मानली जाते. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील ‘राम नी समानमेवरु’ ही कृती त्यांनी ओडियनसाठी गायली. हिंदुस्थानी उस्तादाने तेलुगू कृती तबकडीवर नोंदवणे हे त्या काळी अपूर्वच होते. तिच्यात उच्चारांची अचूकता शोधू नये. दुसऱ्याच्या घरी आदराने टाकलेले पाऊल म्हणून ती ऐकावी.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासला आले होते. तेथून पाँडिचेरीला श्री अरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी जायचे होते. दक्षिणेकडे जाणारी मीटरगेज गाडी एग्मोरहून निघून मांबलम, तांबरम या मार्गाने चेंगलपट्टूकडे जाई. या रुळांच्या पूर्वेला वीसच्या दशकात आखलेले त्यागराय नगर आणि पश्चिमेला आजचे वेस्ट मांबलम. तांबरमपर्यंत १९३१ पासून विजेच्या लोकल धावत होत्या. वेस्ट मांबलम आज गजबजलेली वस्ती आहे आणि राम नवमीच्या दिवसांत तेथे कर्नाटक संगीताच्या मैफली रंगतात. त्या गजबजाटात या रुळांवरून गेलेल्या त्या प्रवाशाची खूण कोठे नाही.

चेंगलपट्टूच्या अलीकडे खाँसाहेबांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्थानकावर ते साथीदारांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणता म्हणता प्राण सोडला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा होता. पासष्टी पुरी होण्यास पंधरवडा उरला होता. पार्थिव मद्रासला आणि तेथून मिरजेला नेण्यात आले. शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि देशभरातील गायक-वादक हजेरी लावतात.

मद्रासचे आकाशवाणी केंद्र १९३८ च्या जूनमध्ये सुरू झाले, म्हणजे त्यांच्या निधनानंतर आठ महिन्यांनी. दुसरे महायुद्ध पेटल्यावर जर्मनीशी असलेला व्यापार थांबला आणि ओडियनचा येथील कारभार बंद पडला. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणे पुढे एचएमव्हीने दीर्घवादी तबकड्यांवर, नंतर कॅसेट आणि सीडीवर आणली.

या पुनर्मुद्रणांविषयी थोडे सावध राहणे बरे. खरखर घालवण्याच्या नादात वरचे उपस्वर कापले, तर विजेच्या ध्वनिमुद्रणाने जे मिळवून दिले तेच पुन्हा गमावले जाते आणि आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा लागतो. १९५४ नंतर सर्वमान्य झालेल्या प्रमाणावर बेतलेला वर्धक या जुन्या तबकड्यांना जसाच्या तसा लावला, तर खर्ज आणि तीव्र ध्वनी यांचा तोल बिघडतो. सुईसुद्धा जाड लागते, कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची खाच नंतरच्या तबकडीच्या खाचेहून कितीतरी रुंद असते. जाणकार संग्राहक म्हणून मूळ तबकडी स्वच्छ धुऊन, योग्य जाडीच्या सुईने आणि वेग तपासून तिचे अंकीय रूपांतर करतात आणि थोडी खरखर तशीच राहू देतात. एकच भैरवी दोन ठिकाणी दोन पट्ट्यांत ऐकू आली, तर गोंधळून न जाता प्रथम वेगाविषयी शंका घ्यावी. संथ, किंचित जाड आणि खरखरीसह येणारी प्रत बहुधा खाँसाहेबांच्या अधिक जवळची असते.